जमिनीचे मुद्दल जपणारा शास्त्रज्ञ

अर्थशास्त्राच्या वर्गात प्रारंभीच जे भेद समजावून द्यावे लागतात त्यांत भांडवल आणि उत्पन्न यांतील भेद हा प्रमुख होय. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार करणारा गृहस्थ आणि मुद्दल मोडून खाणारा गृहस्थ काही वर्षे सारख्याच सुखात दिसतात. फरक उघड होतो तो मुलांच्या पिढीत. दुकानदाराला किंवा पेढीवाल्याला हे सांगावे लागत नाही. शेतीचा हिशेब मात्र आपण अद्यापि एका हंगामाचाच मांडतो. पीक किती आले, भाव काय मिळाला आणि खर्च वजा जाता काय उरले, एवढ्यावर तो संपतो. त्या पिकाने जमिनीचे मुद्दल किती खाल्ले, हा रकाना आपल्या खतावणीत नाहीच. तो असला पाहिजे असा आग्रह ज्याने आयुष्यभर धरला तो मनुष्य पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ होता, जन्माने इंग्रज होता आणि त्याच्या ऐन कर्तृत्वाची २६ वर्षे आपल्या देशात गेली. सर आल्बर्ट हॉवर्ड हे त्याचे नाव.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिजचे शिक्षण आटोपून १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांत कवकतज्ज्ञ म्हणून गेले. तेथे त्यांना आपल्या विद्येतील उणीव प्रथम जाणवली. पिकांच्या रोगांवर ते प्रयोगशाळेत बसून सल्ला देत; परंतु तो सल्ला पडताळून पाहण्यास त्यांच्याजवळ हातभर शेत नव्हते. १९०५ साली बिहारमधील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत नेमणूक झाली तेव्हा ही उणीव भरून निघाली. त्यांनी सुमारे ७५ एकर जमीन मिळविली आणि ती स्वतः कसावयास घेतली. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. या दांपत्याने मिळून तयार केलेले पुसा ४ व पुसा १२ हे गव्हाचे वाण पुढे दूरवर पसरले.

परंतु हॉवर्ड यांचे खरे शिक्षण पुसाच्या आसपासच्या खेड्यांत झाले. भोवतालचे शेतकरी औषध न मारता निरोगी पिके काढतात हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी या निरक्षर माणसांना आपले गुरू मानले. पिकावर पडणारी कीड हाही त्यांनी गुरूच मानला, कारण जमिनीची निगा कोठे चुकली हे कीडच दाखवून देते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे त्यांनी स्वतःचे बैल बाळगले व त्यांना निरोगी जमिनीतील वैरणीवर पोसले. शेजारच्या लाळ-खुरकुताने आजारी जनावरांशी नाकाला नाक लावूनही या बैलांना रोग झाला नाही, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे.

द्राक्षांशी त्यांचा संबंध आला तो बलुचिस्तानात, क्वेट्टा येथे. तेथील फळसंशोधन केंद्राचे काम हॉवर्ड दांपत्य उन्हाळ्यात पाहत असे. फळे दूरच्या बाजारात शाबूत पोहोचावीत म्हणून पेट्या व टोपल्या कशा असाव्यात, इतक्या बारीक गोष्टींतही त्यांनी लक्ष घातले. त्या सरहद्दीवरील शेतकरी खोल चरांत वेली लावीत, मातीच्या भिंतींवर त्या चढवीत आणि शेणखताखेरीज काही घालीत नसत. फवारा कोणी मारीत नसे, छाटलेल्या काड्याही कोणी जाळीत नसे. तरी वेलींवर रोग दिसत नव्हता. त्याच काळात युरोपातील द्राक्षमळे औषधांच्या आधारावर उभे होते. अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील मळे उजाड केले होते आणि १८८५ च्या सुमारास मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण तेथेच प्रचारात आले होते. आपले द्राक्षबागाईतदार आजही ते मिश्रण वापरतात.

१९२४ साली हॉवर्ड इंदूरला आले. होळकर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर नवी संस्था उभी राहिली. मध्यवर्ती कापूस समितीने व निरनिराळ्या संस्थानांनी तिला पैसा पुरविला. जमीन काळी, पीक कापसाचे आणि खताची वानवा. म्हणजे प्रश्न जवळजवळ आपल्या मराठवाड्याचाच. शेण तर चुलीत जात होते. तेव्हा हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, तण, पऱ्हाट्या, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन खत करण्याची रीत बसविली. वनस्पतींचा कचरा तीन भाग आणि जनावरांचा एक भाग हे प्रमाण. ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्डा. ठराविक अंतराने पाणी व तीनदा उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार होई. पऱ्हाट्या सहजी कुजत नाहीत, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेतल्या जात. ही युक्ती प्रयोगशाळेत सुचणारी नव्हे. १९३१ मध्ये दोघांच्या नावे या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि इंदूरचे नाव जगभरच्या शेतकऱ्यांपर्यंत गेले. १९३५ साली गांधीजींनी ही संस्था जातीने पाहिली. हॉवर्ड पुढे सर झाले. वाड यांचे नाव मात्र आपल्याकडेही फारसे कोणाला ठाऊक नाही, ही खंत नोंदविली पाहिजे.

१९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ या त्यांच्या उत्तरायुष्यातील सहचारिणी होत. १९३८ च्या प्रारंभी ते दक्षिण फ्रान्समधील द्राक्षमळे पाहत हिंडले. रासायनिक खते व फवारे यांच्यावर पोसलेल्या मळ्यांमध्ये त्यांना केवळ शेणखतावर चाललेला एक मळा आढळला. त्याच्या वेली सतेज होत्या आणि त्याच्या मद्याचा लौकिक होता. ज्या देशांत एकाच घराण्यातील चार-चार पिढ्या त्याच मळ्यावर व त्याच तळघरातील पिंपांवर जगतात, तेथे या दृश्याचा अर्थ मोठा आहे. आजोबाने लावलेल्या वेलीची द्राक्षे नातू पिळतो. म्हणून जमिनीचे मुद्दल खाणारा आजोबा नातवाच्या ताटातले खातो. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या हॉवर्ड यांच्या मुख्य ग्रंथाचे सार हेच आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले.

हॉवर्ड यांचे सर्वच म्हणणे शिरोधार्य मानावे असे नाही. निरोगी जमिनीतून रोगमुक्त पीक, जनावर व माणूस निपजतो हा त्यांचा सिद्धांत त्यांनी काटेकोर तुलनात्मक प्रयोगांनी सिद्ध केला नव्हता आणि तत्कालीन शास्त्रज्ञांनी त्यांना तसे सुनावलेही होते. क्वेट्ट्याची कोरडी हवा आपल्याकडे नाही. आपल्या बागांची छाटणी वर्षातून दोनदा होते, ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येतो आणि केवडा व भुरी यांना निमंत्रणच मिळते. सेंद्रिय म्हणविणाऱ्या मळ्यांतही बोर्डो मिश्रण चालते आणि त्यातील तांबे वर्षानुवर्षे मातीत साचत राहते. ज्या साम्राज्याची त्यांनी चाकरी केली त्याला आपला कापूस हवा होता, हेही विसरून चालणार नाही.

तथापि त्यांनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. २०१० साली आपली द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडली ती वेलीची वाढ रोखणाऱ्या एका रसायनाच्या अवशेषामुळे, आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष-मद्य धोरण आले, नाशिककडे मद्याच्या द्राक्षांची लागवड वाढली. २००८ नंतरच्या मंदीत त्याच बागा अनेकांनी उपटून टाकल्या. पिढ्यांचा धंदा हंगामाच्या हिशेबाने केला की असेच व्हावयाचे.

आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. दसरा-दिवाळीनंतर येथील बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात आणि वेचणी संपली की बांधावर पऱ्हाट्या पेटतात. त्या धुरात हॉवर्ड-वाड यांचे खत जळत असते. परंतु याचा दोष एकट्या शेतकऱ्याला देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या दावणीला जनावर उरलेले नाही त्याने शेण कोठून आणावे? ज्याने रान एका वर्षाच्या बोलीने कसावयास घेतले आहे त्याने पुढल्या पिढीसाठी खत का घालावे? पीककर्ज हंगामाचे असते, म्हणून त्याची नजरही हंगामापलीकडे जात नाही. पुसदच्या पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत देणारी ‘नाडेप’ पद्धत शोधून काढली आणि वाट मोकळी केली. तिच्या टाक्या बांधण्याला रोजगार हमीतून पैसा मिळण्याची सोयही पुढे झाली. आता कर्ज देणाऱ्या संस्थांनी हंगामाबरोबर जमिनीच्या सुधारणेसाठीही काही वर्षांच्या मुदतीचा पैसा द्यावयास हवा आणि कसणाऱ्याच्या कराराला काही वर्षांची तरी हमी हवी. तसे झाल्यास मुद्दलाचा तो रकाना आपल्या खतावणीत येईल. न झाल्यास ती खतावणी आपली मुले उघडतील तेव्हा तीत केवळ खर्चाची बाजू भरलेली असेल.