विस्तव झाकून नेणारा माणूस

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात आजी पहाटे शेजारून विस्तव आणायची. गोवरीवर निखारा ठेवायचा, पदर सावरायचा आणि अंगण ओलांडायचे. त्याच अंगणात धानाच्या तणसाचा ढीग असे. वाऱ्याची एक झुळूक पुरे होती, हे आज आठवले की अंगावर काटा येतो.

नेमकी हीच धास्ती जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका मुद्रकाने घेतली होती. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन. आपण त्याला ओळखतो ते पतंग उडवून वीज जोखणारा म्हणून. पण घराघरांत पोचायला हवे ते त्याचे दुसरे रूप.

1706 साली बोस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम दोन वर्षे. थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी केली आणि सतराव्या वर्षी पळून फिलाडेल्फिया गाठले. तिथे पुढे तो स्वतःचे वृत्तपत्र चालवू लागला. 1735 साली त्याने त्यात एका वृद्ध नागरिकाच्या नावाने पत्र छापले. तेव्हा त्याचे वय होते 29! या खोलीतून त्या खोलीत निखारे उघड्या फावड्यावर नेऊ नका, झाकलेल्या भांड्यातून न्या. धुराडी वेळेवर साफ करा, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, 1736 च्या डिसेंबरात, त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अग्निशमन मंडळ उभारले. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान हलवायच्या पिशव्या घरी सदैव तयार ठेवायच्या. महिन्यातून एकदा जमून आगीविषयी बोलायचे. गैरहजर राहणाऱ्याला दंड. पुढे घरांचा आगीचा विमा काढणारी संस्था आणि वीजवाहक सळई यांतही त्याचा पुढाकार होता. 1790 साली तो गेला.

त्याची आठवण मला 9 जानेवारी 2021 च्या रात्रीनंतर आली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 तान्ही बाळे गेली. त्यानंतर कितीतरी रात्री मी उठून स्वयंपाकघरात जाऊन येत असे.

मोठ्या इमारती आणि संस्थांसाठी महाराष्ट्रात 2006 चा कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. आपल्या दोन खोल्यांच्या घराला मात्र तपासनीस नाही. तो आपणच व्हायचे.

झोपण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि 1906 वर कळवावे. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून वर झाकण सरकवावे. भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव, पराती आपल्याकडे कमी नाहीत! झोपेत ज्वाळेआधी धूर गाठतो. म्हणून धुराची सूचना देणारे लहानसे यंत्र छताला लावावे आणि महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून पाहावे. 101 हा क्रमांक मुलांनाही पाठ हवा.

आमच्या घरी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सारे तपासले जाते. बटण दाबायचा मान नातीचा. यंत्र कर्कश ओरडते, ती कानांवर हात ठेवून हसते आणि मला आजीची ती गोवरी आठवते.