रूपर्ट गूल्ड

लेफ्टनंट कमांडर रूपर्ट थॉमस गूल्ड (१६ नोव्हेंबर, इ.स. १८९० - ५ ऑक्टोबर, इ.स. १९४८) हे ब्रिटिश नौदल अधिकारी, लेखक, नभोवाणीवरील वक्ते आणि घड्याळशास्त्राचे अभ्यासक होते. जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकात बनवलेली आणि पुढे गंजत पडलेली चार सागरी घड्याळे त्यांनी पुन्हा चालू केली. घड्याळे दुरुस्त करण्याचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

प्रारंभिक जीवन

गूल्ड यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी येथे झाला. त्यांचे वडील संगीतकार होते. गूल्ड नौदलात दाखल झाले व काही काळ चीनच्या सागरी विभागात त्यांनी सेवा केली. इ.स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांचे मानसिक संतुलन ढासळले आणि त्यांना प्रदीर्घ विश्रांती घ्यावी लागली. प्रत्यक्ष युद्धसेवेऐवजी नंतर त्यांची नेमणूक नौदलाच्या जलालेखन विभागात झाली. इ.स. १९१७ मध्ये त्यांचा विवाह म्युरिएल एस्टॉल यांच्याशी झाला. त्यांना दोन मुले झाली.

पार्श्वभूमी

पृथ्वी एका तासात १५ रेखांश फिरते. म्हणजेच घड्याळात चार मिनिटांची चूक झाली, तर जहाजाचे स्थान एका रेखांशाने चुकते. लंबकाची घड्याळे हेलकावणाऱ्या जहाजावर निरुपयोगी ठरत. इ.स. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश अचूक काढण्याच्या पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. मूळचा सुतार असलेल्या हॅरिसनने त्यासाठी आयुष्य वेचले. एच-१, एच-२ आणि एच-३ ही त्याची पहिली तीन यंत्रे आकाराने मोठी होती. एच-१चे वजन सुमारे ३४ किलोग्रॅम आहे. एच-४ मात्र सुमारे १३ सेंटीमीटर व्यासाचे, मोठ्या खिशातील घड्याळासारखे आहे. पुढे अशा कालमापकांचा वापर सर्वत्र रूढ झाला. ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८२६ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या कुलाबा वेधशाळेच्या कामांतही बंदरातील जहाजांसाठी वेळ राखणे अंतर्भूत होते. हॅरिसनची मूळ यंत्रे मात्र ग्रीनिचच्या शाही वेधशाळेत दुर्लक्षित राहिली.

पुनरुज्जीवनाचे कार्य

सागरी कालमापकांच्या इतिहासाचा अभ्यास करत असताना इ.स. १९२० मध्ये गूल्ड यांनी ही यंत्रे पाहिली. ती मळलेली, गंजलेली आणि बंद होती. शाही खगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांच्याकडून परवानगी मिळवून त्यांनी ती स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. बरेचसे काम त्यांनी विनामोबदला केले.

एच-१ची अवस्था सर्वांत वाईट होती. टोपी झटकण्याच्या साध्या ब्रशने त्यांनी ते प्रथम साफ केले, तेव्हा त्यातून सुमारे ५७ ग्रॅम धूळ आणि पितळेवर चढलेला हिरवा कळंक निघाला. या यंत्रातील अनेक भाग नाहीसे झाले होते. उरलेल्या भागांवरून हरवलेल्या भागांचे कार्य ताडून ते नव्याने बनवावे लागले.

एच-३ हे सर्वांत गुंतागुंतीचे ठरले. उष्णतेने होणारा वेगातील फरक भरून काढणारी दोन धातूंची जोडपट्टी आणि घर्षण कमी करणारे पिंजऱ्यातील रूळ हे हॅरिसनचे दोन शोध या यंत्रात आहेत. त्याच्या दुरुस्तीला सात वर्षे लागली. प्रत्येक यंत्र उकलताना व पुन्हा जोडताना केलेल्या कामाची टिपणे आणि रंगीत शाईतील आकृत्या यांनी गूल्ड यांनी १८ वह्या भरल्या.

याच काळात त्यांचे कौटुंबिक जीवन उद्ध्वस्त झाले. इ.स. १९२७ मधील न्यायालयीन विभक्तीचा खटला वृत्तपत्रांत गाजला. त्यात त्यांचे घर गेले, मुलांचा ताबा गेला आणि जलालेखन विभागातील नोकरीही गेली. ते आईकडे राहू लागले. मात्र दुरुस्तीचे काम त्यांनी सोडले नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये एच-१ पुन्हा चालू झाले. ते दीड शतकाहून अधिक काळ बंद होते.

लेखन व अन्य कार्य

द मरीन क्रोनोमीटर (इ.स. १९२३) हा त्यांचा ग्रंथ या विषयावरील प्रमाणग्रंथ मानला जातो. ऑडिटीज (इ.स. १९२८) आणि एनिग्माज (इ.स. १९२९) या पुस्तकांत त्यांनी न उलगडलेल्या घटनांचा वेध घेतला. लॉख नेसमधील कथित जलचरावरही त्यांनी पुस्तक लिहिले. बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमांतून ते लोकप्रिय झाले. विम्बल्डन टेनिस स्पर्धेत त्यांनी पंच म्हणूनही काम केले.

मृत्यू आणि वारसा

इ.स. १९४७ मध्ये ब्रिटिश होरोलॉजिकल इन्स्टिट्यूटने त्यांना सुवर्णपदक दिले. पुढील वर्षी कँटरबरी येथे त्यांचे निधन झाले. इ.स. २००० मधील लाँगिट्यूड या दूरचित्रवाणीपटात जेरेमी आयर्न्स यांनी त्यांची भूमिका साकारली.

हॅरिसनची चारही यंत्रे आज ग्रीनिच येथे प्रदर्शित आहेत. पहिल्या तिघांना वंगण लागत नाही आणि ती चालू ठेवली जातात. एच-४ला तेल लागते. चालवल्यास त्याची झीज होईल, म्हणून ते मुद्दाम बंद ठेवले आहे.