हरता हरता जिंकायला शिकलेला संघ : कर्नल सी. के. नायडू आणि इंदूरचे होळकर

मार्च १९४५. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात इंदूरचा होळकर संघ मुंबईपुढे उभा होता. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरने ३६०. दुसऱ्या डावात विजय मर्चंट खेळपट्टीवर ठाण मांडून बसले, त्यांनी एकट्यानेच २७८ धावा काढल्या आणि मुंबईचा डाव ७६४ वर जाऊन थांबला. होळकरला जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. असं आव्हान बघून कुठल्याही संघाने तिथेच हात टेकले असते. होळकरने ४९२ धावा केल्या आणि ३७४ धावांनी सामना गमावला.

त्या एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या. होळकरच्या सी. एस. नायडूंनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले, ११ बळी घेतले आणि ४२८ धावा मोजल्या. एका सामन्यात एकाच गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याचं दुसरं उदाहरण नाही. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या वर्षी होळकरकडून खेळत होता. तो २४९ धावांवर नाबाद राहिला. एवढं करूनही पदरात पडली ती हारच.

या संघाचे कर्णधार होते कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सगळ्यांचे सी. के. तेव्हा त्यांचं वय ४९ होतं. त्या वयात बहुतेक खेळाडू आठवणी सांगत बसतात. सी. कें.च्या आयुष्यातलं एक मोठं काम मात्र तेव्हा कुठे सुरू होत होतं.

नागपूरचा मुलगा

सी. कें.चा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घराणं तेलुगू भाषक, पण वाढले ते नागपुरात आणि क्रिकेटही तिथेच शिकले. १९१६ साली मुंबईच्या जातीय सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरले. संघाची अवस्था वाईट होती. पहिले काही चेंडू त्यांनी नुसते अडवले आणि मग खातं उघडलं ते थेट षटकाराने. पुढची चाळीस वर्षं लोक त्यांना बघायला गर्दी करत, ती या षटकारासाठीच.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला होता. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. कें.नी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, त्यात ११ षटकार होते. त्या काळात षटकार ही रोज बघायला मिळणारी गोष्ट नव्हती. गोऱ्या साहेबांच्या गोलंदाजीवर आपला माणूस असा तुटून पडतो, हे मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं. हिंदुस्थानचा संघ कसोटी खेळू शकतो, हा विश्वास त्या खेळीने पक्का झाला. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं.

इंदूरच्या दरबारात

त्याआधीच, १९२३ साली, होळकर महाराजांनी सी. कें.ना इंदूरला बोलावून घेतलं आणि संस्थानच्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले. तेव्हा क्रिकेट खेळून पोट भरत नसे. पगार मिळायचा तो नोकरीचा, आणि नोकरी द्यायचे संस्थानिक. बडोद्याच्या गायकवाडांनी, इंदूरच्या होळकरांनी, पतियाळाच्या महाराजांनी खेळाडूंना असाच आसरा दिला. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्या काळचे व्यावसायिक संघच, फक्त कराराच्या जागी दरबारचा हुकूम असे.

संस्थानिकांच्या या आधाराला दुसरी बाजूही होती, आणि तिचा चटका सी. कें.ना बसला. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज नेमले गेले होते आणि उपकर्णधार होते लिंबडीचे राजकुमार. महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर हिंदुस्थानची पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा नाणेफेकीला गेले ते सी. के. त्यांच्या हाताखाली खेळायला संघातले काही जण नाखूश होते असं सांगतात. शिस्तीच्या बाबतीत त्यांचा हात कडक होता, आणि मुख्य म्हणजे ते कुणा गादीचे वारस नव्हते.

त्या कसोटीत इंग्लंडचे पहिले तीन गडी १९ धावांत बाद झाले होते. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही सी. कें.नी पहिल्या डावात ४० धावा केल्या, त्या डावातल्या संघाच्या सर्वाधिक. सामना १५८ धावांनी गेला, पण इंग्लंडमध्ये नाव झालं. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीत त्यांनी १६१८ धावा आणि ६५ बळी अशी कामगिरी केली. पुढच्या वर्षी विस्डेनने पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

१९३३-३४ मध्ये जार्डिनच्या संघाविरुद्ध मायदेशातल्या मालिकेतही तेच कर्णधार होते. १९३६ च्या दौऱ्यावर मात्र नेतृत्व गेलं विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, खेळाच्या जोरावर नव्हे. तो दौरा रुसव्याफुगव्यांनी आणि गटबाजीने गाजला. सी. के. साधे खेळाडू म्हणून गेले आणि ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत ८१ धावा करून परतले. ती त्यांची सातवी आणि अखेरची कसोटी. कसोटीतल्या एकूण धावा ३५०. आकडा लहान दिसतो खरा, पण पहिली कसोटी खेळायला मिळाली तेव्हा त्यांची छत्तिशी उलटून गेली होती, हे विसरून चालत नाही.

संघ घडताना

देशाचं कर्णधारपद गेलं, वय चाळिशीच्या पुढे गेलं. दुसरा कुणी असता तर पेन्शनीत निघाला असता. सी. कें.नी इंदूरचा संघ बांधायला घेतला.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला इंदूरचे खेळाडू मध्य भारत या संघातून खेळत. १९४१-४२ पासून होळकर या नावाने संघ उतरू लागला. यशवंतराव होळकर महाराजांचा आश्रय होता, आणि माणसं जमवण्याची नजर सी. कें.ची. मुश्ताक अली तर इंदूरचेच. चंदू सरवटे सागरचे, हिरालाल गायकवाड नागपूरचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. धाकटे बंधू सी. एस. नायडू १९४४ मध्ये बडोदा सोडून इंदूरला आले. कुणी मराठी, कुणी हिंदी-उर्दू, कुणी तेलुगू बोलणारा. मैदानावर मात्र कर्नलसाहेबांचा शब्द एकच.

त्या शब्दाचा धाक होता. उशिरा आलेलं चालायचं नाही, मैदानावर ढिलेपणा चालायचा नाही, आणि लागलं-खुपलं तर तोंड वाकडं केलेलं तर मुळीच चालायचं नाही. कर्णधार स्वतः पन्नाशीला टेकलेला असून दिवसभर उन्हात उभा राहतो म्हटल्यावर पंचविशीतल्या पोरांनी कुठल्या तोंडाने तक्रार करायची?

मुंबईतली १९४५ ची हार या संघाला बरंच शिकवून गेली. फलंदाजी मुंबईच्या तोडीची आहे हे कळलं. ८६७ धावांचं ओझं डोक्यावर असताना ४९२ पर्यंत मजल जाते, तेव्हा संघ लेचापेचा नसतो हेही कळलं. राहिलं होतं ते मोठा सामना शेवटपर्यंत धरून ठेवणं.

१९४५-४६ : तो हंगाम

पुढच्याच हंगामात उपांत्य सामन्यात होळकरची गाठ म्हैसूरशी पडली. सामना इंदूरला. होळकरने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. कमल भांडारकर १४२, सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. एकाच डावात सहा जणांची सहा शतकं! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये हा विक्रम आजही होळकरच्याच नावावर आहे. एकट्या मुश्ताक अलींवर किंवा एकट्या सी. कें.वर अवलंबून असलेला संघ आता राहिला नव्हता, हे त्या धावफलकावरून कुणालाही दिसत होतं.

अंतिम सामना पुन्हा इंदूरलाच, आणि समोर बडोदा. म्हणजे दोन मराठी संस्थानांचीच झुंज. बडोद्याकडे सांगलीचे विजय हजारे होते. होळकरच्या पहिल्या डावात सी. कें.नी २०० धावा केल्या. वय वर्षं ५०. अंतिम सामन्याचं दडपण, मार्चचं ऊन आणि पन्नाशीचा माणूस द्विशतक काढतो! होळकरने सामना ५६ धावांनी जिंकला आणि रणजी करंडक पहिल्यांदा इंदूरला आला.

त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यावर ओव्हलला सरे संघाविरुद्ध शुटे बॅनर्जी आणि होळकरचे चंदू सरवटे यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतकं केली. शेवटचा गडी बाद होईपर्यंत डाव संपत नाही, ही होळकरची शिकवण सरवट्यांनी साता समुद्रापार दाखवून दिली.

चढ आणि उतार

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याने जुना हिशेब चुकता केला. होळकर २०२ धावांत गारद, आणि मग हजारे २८८ व गुल महंमद ३१९ या जोडीची चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी. बडोदा ७८४. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. करंडक जिंकून वर्षही झालं नव्हतं, तोच असा मार.

पण १९४७-४८ मध्ये हाच संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता, आणि या वेळी समोर मुंबई. होळकरने नऊ गडी राखून जिंकलं. ब्रेबॉर्नवरच्या हारेचं उत्तर तीन वर्षांनी मिळालं. १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्यात बंगालला मागे टाकून आणखी दोनदा करंडक आला.

१९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत, १९४८-४९ चं एक वर्ष सोडलं, तर होळकर संघ दरवेळी अंतिम सामन्यात होता. आठ अंतिम सामने, चार विजय, चार पराभव. प्रत्येक हारेनंतर हा संघ फिरून उभा राहिला. त्याची ताकद विजयांपेक्षा यातच जास्त दिसते.

१९५१-५२ चा अंतिम सामना मुंबईने मोठ्या फरकाने जिंकला. त्या सामन्यातली एक गोष्ट जुने लोक अजून सांगतात. दत्तू फडकरांचा उसळता चेंडू सी. कें.च्या तोंडावर बसला आणि दात पडले. वय ५६. सी. कें.नी ते दात बॅटने खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचाराला नकार दिला आणि पुन्हा पवित्रा घेतला. फडकर दबकून हळू टाकू लागले, तर कर्नलसाहेबांना तेही रुचलं नाही, नेहमीच्या वेगाने टाका असं त्यांनी बजावलं. दया दाखवलेली त्यांना चालत नसे. स्वतःवरही नाही, दुसऱ्याकडूनही नाही.

संस्थान गेलं, संघ गेला

स्वातंत्र्यानंतर होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. संघ त्याच नावाने काही वर्षं खेळत राहिला. १९५३-५४ मध्ये मुंबईकडून आणि १९५४-५५ मध्ये मद्रासकडून अंतिम सामन्यात हार झाली, आणि त्यानंतर होळकर हे नाव रणजीच्या फलकावरून कायमचं उतरलं. पाठोपाठ राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि इंदूर मध्य प्रदेशात आलं. दहा अंतिम सामने खेळलेला संघ कागदावरून पुसला गेला.

सी. के. मात्र थांबले नाहीत. १९५६-५७ मध्ये, ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या. पद्मभूषण मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. अखेरचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ मधला, मदतनिधीसाठीचा. तेव्हा त्यांचं वय होतं ६८. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरलाच त्यांचं निधन झालं. आज देशातल्या तरुण खेळाडूंची एक मोठी स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते, आणि क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाचा आहे.

इंदूरला पुढचा रणजी करंडक बघायला फार वाट पाहावी लागली. १९९८-९९ मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोचला आणि कर्नाटककडून हरला. तेच पंडित प्रशिक्षक म्हणून परतले आणि जून २०२२ मध्ये बेंगळुरूत मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. होळकरच्या शेवटच्या विजयाला तेव्हा ६९ वर्षं झाली होती. मुंबईहून आलेला मराठी माणूस, मध्य प्रदेशचा संघ, आणि आधी पचवलेली एक हार. सी. कें.च्या इंदूरला ही गोष्ट अनोळखी नव्हती.