भाऊरावांनी पेरलेली उमेद

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत आजही पुष्कळ घरांतून मराठी बोलली जाते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बिदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तुरीचा आणि ज्वारीचा हा मुलूख. पाऊस हुकला की घरातला वीस वर्षांचा मुलगा हैदराबाद किंवा पुण्याची वाट धरतो. ज्याला तीही वाट सापडत नाही, तो घरातच खंतावत बसतो. अशा मुलाला आधी काय द्यावे, मनाला आधार की हाताला काम, हा प्रश्न आज विद्वान मंडळी संशोधनाच्या भाषेत मांडतात. मला मात्र या प्रश्नापाशी आले की आपल्या करवीरातीलच एका मॅट्रिक न झालेल्या तरुणाची आठवण होते. तो तरुण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, जैन धर्माचे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगची व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांच्या छत्राखाली त्यांना आसरा मिळाला. पण इंग्रजी सहाव्या इयत्तेपलीकडे शिक्षण काही गेले नाही.

पुढे १९१४ मध्ये पुतळ्याला डांबर फासल्याचे ते प्रकरण घडले. आपल्या शहरातील जुन्या घराण्यांतून त्याची हकीकत अजून सांगितली जाते. लठ्ठ्यांना त्यात गोवायचे होते आणि भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी त्यांच्यावर दडपण आणले. ज्यांच्यामुळे बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले, त्यांचा सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी ती घेतली नाही. त्यांना तुरुंगात डांबले, मारहाण झाली. तो छळ इतका असह्य झाला की या धिप्पाड, पैलवानी अंगाच्या माणसाने जीव देण्याचाही प्रयत्न केला.

भाऊरावांचे गुणगान करताना हा प्रसंग आपण बहुधा घाईने ओलांडतो. थोर पुरुषाच्या चरित्रात तो बरा दिसत नाही असे आपल्याला वाटते. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते. हाती पदवी नव्हती, पक्की नोकरी नव्हती, अब्रूवर घाला आलेला. असा माणूस भेकड असतो, हा आपला समज त्यांच्या उदाहरणाने साफ खोटा ठरतो. इंग्रजी कायदा अशा माणसाला गुन्हेगार ठरवीत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र, तो पराकोटीच्या ताणाखाली होता असेच धरून चालावे आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले. शंभर वर्षांनी का होईना, कायद्याला शहाणपण सुचले.

भाऊराव तगले, आणि कामाला लागले. साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या होत्या. आता ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपविण्यासाठी ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांना खेड्यातील पोरे दिसली. हुशार, पण शाळेचे तोंड न पाहिलेली. त्याहून वाईट म्हणजे, शिकणे आपल्या जातीचे कामच नव्हे, अशी त्यांची समजूत होऊन बसलेली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

या वसतिगृहात मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन अशी मुले एका पंक्तीला बसत. स्वयंपाक तीच करीत, शेतात राबत, खडी फोडत आणि आपल्या शिक्षणाचा भार होईल तितका आपणच उचलीत. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. पोराला राबवून घेणे वेगळे आणि त्याने स्वतःसाठी राबणे वेगळे. सावकाराच्या बांधावर हाच मुलगा राबला तर तो आणखी वाकतो. वसतिगृहात त्याच्या घामाची कमाई त्याच्याच ताटात आणि पुस्तकात येई. शिवाय तो जेवला की नाही, आज गप्प का आहे, हे पाहणारी माणसे तेथे होती.

त्यांत पहिले नाव लक्ष्मीबाईंचे. कर्मठ घरात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांच्या कीर्तीचे दिवस पाहण्यास त्या उरल्या नाहीत. स्वावलंबनाचे कौतुक करताना या बाईंचा त्याग विसरता कामा नये. नुसत्या कामाने मुले उभी राहिली नाहीत. मायेच्या माणसाने त्याची किंमत मोजली होती.

यानंतर १९३२ साली पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. बडोद्याच्या त्या विद्याप्रेमी नरेशाचे नाव त्याला मिळाले. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज झाले आणि कमवा व शिका ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोचली. १९५९ साली पुणे विद्यापीठाने इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला सन्मान्य डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गोव्यातील संगाथ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरच्या संशोधनाचा आढावा घेतला. दारिद्र्याने मन आजारी पडते आणि आजारी मनाने दारिद्र्य वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे आधी काय, हा वादच फोल. दोन्ही टोकांनी एकदम हात घातला पाहिजे. भाऊरावांनी एका छपराखाली नेमके तेच केले होते.

कर्नाटकात या कामाची परंपरा नाही असे नव्हे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने १९८५ च्या सुमारास बळ्ळारी जिल्ह्यात गावपातळीवर मनाच्या आजारांवर उपचार पोचविण्याचा प्रयोग केला आणि तोच पुढे देशाला कित्ता ठरला. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी व कानडी दोन्ही भाषांत बोलता येते. ही सोय उत्तम आहे. परंतु फोन ठेवल्यावर त्या मुलाच्या दिवसाचे काय, हा प्रश्न उरतोच. भालकी किंवा आळंद येथे त्याला चार हात काम, दोन वेळचे जेवण, शिकण्याची सोय आणि चौकशी करणारे एक माणूस मिळाले पाहिजे. यांतले एकही वगळून चालेल असे भाऊरावांच्या चरित्रावरून मला वाटत नाही. आपल्याकडील कित्येक घराण्यांची मुले अशाच बोर्डिंगांतून शिकून वर आली. सीमेपलीकडच्या मुलांसाठी असे एखादे छप्पर उभे करण्यास हातभार लावणे, हे त्या घराण्यांना अशक्य नाही.