ऑयलर आणि दहा अंकी संख्या

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली या विख्यात गणितज्ञांनी मुलाची बुद्धी ओळखली. त्याला रोज शिकविण्यास त्यांना सवड नव्हती. म्हणून कठीण ग्रंथ त्याने आपले आपण वाचावेत आणि अडेल ते शनिवारी दुपारी येऊन विचारावे, असे ठरले. अशा रीतीने शिकलेला हा तरुण १७२७ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाला.

ऑयलर यांनी गणिताच्या बहुतेक सर्व शाखांत संचार केला. पण मूळ संख्यांची ओढ त्यांना आयुष्यभर राहिली. १ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने जिला निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. ७ किंवा १३ मूळ आहेत हे कोणीही सांगेल. संख्या दहा अंकी असली म्हणजे मात्र जाणत्यांचीही फसगत होते. फर्मा यांच्यासारख्या थोर फ्रेंच गणितज्ञाने ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ मानली होती. तिला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवून दिले.

एकतीस वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ असल्याचे मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये लिहिले होते; सिद्धता दिली नव्हती. त्यांच्या त्याच यादीतील काही संख्या पुढे मूळ नसल्याचे आढळले. तेव्हा नुसत्या शब्दावर विसंबणे शक्य नव्हते.

संख्या मूळ आहे का हे पाहण्यासाठी तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. येथे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक, म्हणजे सुमारे पावणेपाच हजार भागाकार! ऑयलर यांनी आधी विचार केला, मग भागाकार. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यामुळे तपासण्याजोगे आकडे चारशेच्या आत आले. एकानेही निःशेष भाग गेला नाही.

हा निर्णय त्यांनी १७७२ मध्ये पत्राने कळविला. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उजवा डोळा तरुणपणीच अधू झाला होता. डाव्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मध्ये शस्त्रक्रियेने आलेली दृष्टी थोड्याच दिवसांत पुन्हा हरपली, आणि त्याच वर्षी राहते घरही आगीत जळाले. तरीही लेखन थांबले नाही. ते सांगत आणि मुलगा व शिष्य लिहून घेत.

ऑयलर यांच्या निधनानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ याहून मोठी मूळ संख्या कोणाला सिद्ध करता आली नाही. १८ सप्टेंबर १७८३ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वर्षी फ्रान्समध्ये प्रथमच आकाशात चढलेल्या फुग्यांच्या गतीचे गणित त्यांच्या पाटीवर मांडलेले होते.