पंडित नाथूराम प्रेमी : ग्रंथोपासक पिता आणि पितामह

जैन वाङ्मयाची हस्तलिखिते शास्त्रभांडारांतील बासनांतून बाहेर काढून ती छापील रूपात अभ्यासकांच्या हाती देण्याचे कार्य ज्या मोजक्या व्यक्तींनी केले, त्यांत स्व. पंडित नाथूराम प्रेमी यांचे नाव अग्रभागी आहे. ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आणि प्रस्तावनांत हे नाव वारंवार आढळते. त्या नावामागे एका वत्सल पित्याचे व उतारवयात पुन्हा संसाराची धुरा उचलाव्या लागलेल्या आजोबांचे जीवन आहे, हे मात्र क्वचितच स्मरले जाते.

पंडितजींचा जन्म 26 नोव्हेंबर 1881 रोजी मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यातील देवरी या गावी एका परवार जैन कुटुंबात झाला. घराण्याचे आडनाव मोदी. वडील खेडोपाडी फिरून किरकोळ माल विकत. घरचे दारिद्र्य असे की, सावकाराच्या जप्तीत घरातील भांडीकुंडीही जात. अशा परिस्थितीत उच्च शिक्षणाचा प्रश्नच नव्हता. गावच्या शाळेत तुटपुंज्या वेतनावर शिक्षकाची नोकरी करीत असतानाच देवरीतील कवी सय्यद अमीर अली ‘मीर’ यांच्या सहवासात त्यांना काव्याची गोडी लागली आणि ‘प्रेमी’ हे टोपणनाव त्यांनी धारण केले. पुढे मूळ आडनाव मागे पडले आणि टोपणनावच रूढ झाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुंबईस आले, ते मुंबई प्रांतिक दिगंबर जैन सभेच्या कार्यालयात कारकून म्हणून. कचेरीचे काम आटोपल्यावर त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत, बंगाली, गुजराती आणि मराठी या भाषा आत्मसात केल्या. ‘जैन हितैषी’ या मासिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले. इतिहासाच्या कसोटीवर न उतरणारी गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारायची नाही, हा त्यांचा बाणा या मासिकातून दिसून येतो.

शास्त्रे छापणे हाच जिनवाणीचा अविनय आहे, असे मानणारा मोठा वर्ग त्या काळी समाजात होता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ सुरू करून महाराष्ट्रात मुद्रणाची वाट मोकळी केली होती; पण विरोध मावळलेला नव्हता. या विरोधाला उत्तर देण्यासाठी प्रेमीजींनी वादविवादात फारसा वेळ घालविला नाही. ते ग्रंथ छापीत राहिले. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या 1914 मधील निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला स्थापन झाली आणि तिच्या मंत्रिपदाचा भार प्रेमीजींनी मानधन न घेता वाहिला. ग्रंथ लागत मूल्यातच विकायचे, हा या मालेचा शिरस्ता होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेले ‘वरांगचरित’ आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘महापुराण’ याच मालेतून प्रकाशित झाले. महाराष्ट्रातील प्राकृत-अपभ्रंश अध्ययनाला प्रेमीजींचा केवढा आधार होता, हे या दोन नावांवरून ध्यानात यावे.

निर्वाहासाठी त्यांनी 24 सप्टेंबर 1912 रोजी ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. गिरगावातील सी. पी. टँकजवळची हिराबाग हे तिचे ठिकाण. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला मिल्लच्या ग्रंथाचा अनुवाद ‘स्वाधीनता’ हे तिचे पहिले पुस्तक. पुढे प्रेमचंदांचा ‘नवनिधि’, जैनेंद्रकुमारांची ‘परख’, हजारीप्रसाद द्विवेदींचा ‘कबीर’ अशी पुस्तके येथूनच निघाली. संस्थेच्या उत्कर्षाच्या काळातही प्रेमीजींची राहणी देवरीच्या शाळामास्तराचीच राहिली.

सामाजिक प्रश्नांतही ते केवळ लेखणीपुरते सुधारक नव्हते. विधवाविवाहाचा पुरस्कार करताना त्यांनी आपल्या धाकट्या बंधूंचा विवाह एका विधवेशी लावून दिला आणि ज्ञातीचा रोष ओढवून घेतला. इतरांच्या घरी सुधारणा सुचविणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या घरापासून आरंभ करणारे थोडेच.

चिरंजीव हेमचंद्र हे त्यांचे एकुलते एक अपत्य. तेही अभ्यासू आणि लेखनाची आवड असलेले. ग्रंथप्रकाशनाच्या कामात ते वडिलांचे सहकारी झाले होते. पत्नी आधीच निवर्तल्या होत्या. प्रेमीजींचे सारे जीवित या पुत्राच्या ठायी एकवटले होते. 1942 साली ऐन तारुण्यात हेमचंद्र मृत्यू पावले. मागे सून आणि दोन अजाण नातू राहिले. प्रेमीजींचे वय तेव्हा साठ वर्षांचे होते.

याच वर्षी त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचे फळ असलेला ‘जैन साहित्य और इतिहास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आचार्यांचे काळ, ग्रंथांचे कर्तृत्व आणि लुप्त झालेला यापनीय संघ यांविषयी त्यात जी चर्चा आहे, ती टाळून या विषयाच्या अभ्यासकाला आजही पुढे जाता येत नाही. तत्त्वार्थसूत्रकार उमास्वाती यापनीय परंपरेचे असावेत, हे त्यांचे मत अनेकांना रुचले नाही. परंतु पुराव्यांनी जे दिसले ते त्यांनी निर्भयपणे मांडले.

पुढील वर्षी, 1943 मध्ये, त्यांनी कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ संपादित करून प्रकाशित केले. 1641 साली लिहिलेले हे आत्मचरित्र जैन समाजाचा अमोल ठेवा आहे. बनारसीदासांना नऊ अपत्ये झाली आणि नवही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. आपल्या पंचावन्न वर्षांचा जमाखर्च मांडताना कवीने ही हकिकत कोणताही आक्रोश न करता सांगितली आहे. पुत्रवियोगाला जेमतेम वर्ष लोटलेले असताना या ओळींचे पाठ तपासणाऱ्या संपादकाच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यानंतरची वर्षे नातवंडांच्या संगोपनाची. निवृत्तीच्या वयात त्यांच्या शिक्षणाची काळजी आणि हिराबागेतील दुकानाचा व्यवहार, दोन्ही त्यांच्याच शिरावर आले. 1946 मध्ये ‘प्रेमी अभिनंदन ग्रंथ’ काढून देशभरच्या विद्वानांनी त्यांचा गौरव केला. ‘जैन साहित्य और इतिहास’ची सुधारलेली आवृत्ती 1956 मध्ये निघाली, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. नव्या पुराव्यांनुसार आपलीच जुनी विधाने बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

1960 साली पंडितजींचे निधन झाले. ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’चा कारभार पुढे त्यांच्या नातवाने सांभाळला. माणिकचंद्र ग्रंथमाला भारतीय ज्ञानपीठाकडे सोपविण्यात आली आणि तिच्या संपादनाची जबाबदारी डॉ. हिरालाल जैन यांच्यासमवेत डॉ. उपाध्ये यांनी स्वीकारली.