विश्लेषण : कमी चित्रांचा 'ॲस्ट्रो बॉय' प्रेक्षकांनी का स्वीकारला? ॲनिमेचे जनक ओसामु तेझुका यांची गोष्ट

आवडत्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर आधारित ॲनिमे मालिका आली की पहिल्या भागापासूनच प्रेक्षकांत दोन तट पडतात. चित्रे हलतच नाहीत, चेहरे मूळ मांगासारखे नाहीत, संगणकावरची शैली रुक्ष वाटते, अशा तक्रारी सुरू होतात. २०१३ मध्ये 'आकु नो हाना' या मालिकेत खऱ्या कलाकारांचे चित्रीकरण करून त्यावरून चित्रे गिरवली गेली, तेव्हा मांगाचे अनेक वाचक चिडले होते, तर काहींना तीच शैली अस्वस्थ करणारी आणि म्हणून योग्य वाटली होती. मात्र ॲनिमेशन कशाला म्हणायचे, हा वाद जपानी टीव्हीवर १९६३ मध्येच सुरू झाला होता. त्याच्या केंद्रस्थानी होते ओसामु तेझुका.

तेझुका कोण होते?

ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे झाला. बालपण ताकाराझुका या गावी गेले. सर्व भूमिका स्त्रियाच करतात अशा संगीत नाट्यमंडळीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. आई त्यांना या नाटकांना नेत असे. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता आणि त्यावर डिस्नेचे लघुपट दाखवले जात. लहानग्या ओसामुला कीटक गोळा करण्याचा नाद होता. 'ओसामुशी' नावाचा एक भुंगेरा आहे. त्याचे नाव आपल्या नावाशी जुळते म्हणून त्यांनी लेखननावात 'कीटक' या अर्थाचे अक्षर जोडले आणि ते कायम ठेवले.

दुसऱ्या महायुद्धात शाळकरी मुलांना कारखान्यांत कामाला जुंपले गेले, त्यात तेही होते. ओसाकावरच्या बॉम्बहल्ल्यांतून ते वाचले. एप्रिल १९४५ मध्ये, १६ वर्षांचे असताना, त्यांनी ओसाकात 'मोमोतारो'च्या कथेवरचा युद्धप्रचारासाठी काढलेला ॲनिमेशनपट पाहिला. प्रचार बाजूला राहिला आणि मनात ठसली ती हलणारी चित्रे. आयुष्यात एकदा तरी ॲनिमेशन करायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

डॉक्टर होऊनही चित्रकथा का?

युद्धानंतर तेझुका यांनी ओसाका विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि वैद्यक व्यवसायाचा परवानाही मिळवला. पुढे १९६१ मध्ये त्यांनी नारा येथून वैद्यकशास्त्रातील डॉक्टरेट घेतली. पण शिकत असतानाच, १९४६ मध्ये त्यांची पहिली चित्रमालिका छापून आली होती. १९४७ मध्ये आलेल्या 'शिन ताकाराजिमा'ने (नवे खजिन्याचे बेट) ते देशभर पोहोचले.

या पुस्तकात पाने उलटताना सिनेमा पाहत असल्याचा भास होई. एखादी मोटार धावत येते, तर ती एका चित्रात उरकत नसे. दूरून, जवळून, वेगवेगळ्या कोनांतून ती दिसे. संवादाविना चौकटी आणि लांबलचक, कादंबरीसारखे कथानक या गोष्टी पुढे जपानी मांगाची ओळख ठरल्या. कागदावरचे स्थिर चित्र हलते आहे असे वाचकाला वाटायला लावणे, हे त्यांचे बलस्थान होते. पुढे टीव्हीसाठी काम करताना तेच त्यांच्या कामी आले.

१९५२ पासून 'शोनेन' मासिकात त्यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मांगा सुरू झाली. जग तिला 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून ओळखते. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्यासारखाच दिसणारा यंत्रमानव घडवतो. पण यंत्रमानव वाढत नाही, म्हणून त्याला सर्कसला विकून टाकतो. दुसरा एक प्राध्यापक त्याला सोडवतो आणि आतोमु माणसांसाठी लढू लागतो. माणसांचे रक्षण करायचे, पण माणसांत जागा नाही, ही त्याची व्यथा मुलांना नेमकी कळली.

टीव्ही मालिकेचे गणित का जुळत नव्हते?

तेझुका यांचे आदर्श वॉल्ट डिस्ने होते. 'बाम्बी' त्यांनी असंख्य वेळा पाहिला आणि त्याची चित्रकथाही काढली. त्या काळी जपानमध्ये याच धर्तीचे मोठे काम तोएई ही कंपनी करत होती. १९५८ मध्ये तिने देशातील पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट काढला. १९६० मध्ये तेझुका यांच्या मांगावर आधारित 'साईयुकी' हा चित्रपट तिथेच तयार झाला आणि त्यात तेझुका यांनीही काम केले. एका चित्रपटासाठी मोठा ताफा आणि कित्येक महिने लागतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

१९६१ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ सुरू केला. त्याचेच पुढे 'मुशी प्रॉडक्शन' झाले. मुशी म्हणजे कीटक. 'आतोमु'ची अर्ध्या तासाची मालिका दर आठवड्याला टीव्हीवर आणायची, असे त्यांनी ठरवले.

चित्रपटाची एका सेकंदात २४ चौकटी अशी गती असते. २५ मिनिटांच्या भागात ३६ हजार चौकटी होतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी १८ हजार चित्रे लागतात. एका दृश्यात दोन-तीन पात्रे स्वतंत्र पारदर्शक पत्र्यांवर काढली तर हा आकडा आणखी फुगतो. हे काम आठवड्याला एकदा करणे कोणत्याही स्टुडिओला अशक्य होते. तेझुका यांना पर्याय एकच दिसला. चित्रेच कमी काढायची.

चित्रे वाचवण्याच्या युक्त्या कोणत्या?

पूर्ण हालचाल न दाखवणाऱ्या या पद्धतीला 'लिमिटेड ॲनिमेशन' म्हणतात. ती अमेरिकेत आधीपासून होती. मुशी प्रॉडक्शनने तिला टोकापर्यंत नेले.

पहिली युक्ती म्हणजे एक चित्र तीन चौकटींसाठी वापरणे. त्यामुळे सेकंदाला जास्तीत जास्त आठ चित्रे पुरत. दुसरी, पात्र बोलत असेल तर चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवणे. तिसरी, धावणे किंवा चालणे यांची काही चित्रे काढून तीच पुन्हा पुन्हा फिरवणे. चौथी, पात्र स्थिर ठेवून मागचे दृश्य सरकवणे. पाचवी, आश्चर्याच्या किंवा संतापाच्या क्षणी चित्र गोठवून त्यावर कॅमेरा रोखणे. याशिवाय आतोमु उडतो, वळतो, ठोसा मारतो, अशी चित्रे जपून ठेवली जात आणि पुढच्या भागांत नव्या पार्श्वभूमीवर वापरली जात. या साठ्याला स्टुडिओत 'बँक' म्हणत. या सगळ्या काटकसरीमुळे एक भाग काही हजार चित्रांत बसू लागला.

हालचाल कमी झाल्यावर कथा पुढे नेण्याचे काम मांडणीवर आले. दृश्ये छोटी आणि झटपट बदलणारी ठेवली गेली. आवाज, संगीत आणि यंत्रमानवाच्या पावलांचे वेगळे ध्वनी यांनी उरलेली पोकळी भरून काढली. कागदावर स्थिर चौकटींतून वेग दाखवणाऱ्या लेखकाला हे काम नवे नव्हते.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय होती?

१ जानेवारी १९६३ रोजी फुजी टेलिव्हिजनवर पहिला भाग दाखवला गेला. पहिल्याच भागाला २७.४ टक्के प्रेक्षकसंख्या मिळाली. १९६४ च्या जानेवारीत हा आकडा ४०.३ टक्क्यांवर गेला. मालिका चार वर्षे चालली आणि तिचे १९३ भाग झाले. प्रायोजक असलेल्या मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत मिळणारे आतोमुचे स्टिकर जमवण्यासाठी मुलांची झुंबड उडाली. १९६३ च्याच सप्टेंबरमध्ये मालिका 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने अमेरिकी टीव्हीवर पोहोचली.

म्हणजे घराघरांतल्या प्रेक्षकांनी चित्रे मोजली नाहीत. मांगा वाचणाऱ्या मुलांना तर ही शैली परकी नव्हतीच. कारण गोठलेले चित्र आणि पुढची झेप यांच्यामधली हालचाल मनात भरून काढण्याची सवय त्यांना पानांनीच लावली होती.

मग जाणकार नाराज का झाले?

ॲनिमेशनच्या व्यवसायातील अनेकांना हे ॲनिमेशनच वाटले नाही. पात्राला वजन आहे, ते श्वास घेते, हे हालचालीतून दाखवणे ही त्यांची कला होती. तीच इथे काढून टाकली होती. या मालिकेची तुलना 'कामिशिबाई'शी केली गेली. कामिशिबाई म्हणजे रस्त्यावर मुलांना एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगण्याचा खेळ. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या उलगडत कथा सांगतात, तसाच काहीसा. विजेवर चालणारी कामिशिबाई, असा टोमणा त्यामागे होता.

मात्र यश डोळ्यांसमोर होते. १९६३ सालच्या अखेरीपर्यंत इतर स्टुडिओही टीव्ही मालिका घेऊन आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तोएईनेही स्वतःची टीव्ही मालिका सुरू केली. ज्या पद्धतीला नावे ठेवली, तीच व्यवसायाची रीत झाली.

स्वस्त विक्रीची किंमत कोणी मोजली?

चित्रांपेक्षाही गंभीर वाद पैशांचा आहे. एका भागावर होणाऱ्या खर्चापेक्षा कमी रकमेत तेझुका यांनी मालिका विकली. कमी किंमत ठेवली तर वाहिनी आणि प्रायोजक तयार होतील, आणि दुसरे स्टुडिओ या क्षेत्रात यायला धजावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. दुसरा अंदाज साफ चुकला. तूट भरून काढायला आतोमुच्या चित्राचे परवाने, परदेशी विक्री आणि तेझुका यांची मांगातील स्वतःची कमाई वापरली गेली. ही सोय प्रत्येक स्टुडिओकडे नव्हती. तरीही नंतरच्या मालिकांचे दर ठरवताना आधीचा कमी दर समोर ठेवला गेला.

तेझुका यांच्या निधनानंतर हायाओ मियाझाकी यांनी याच मुद्द्यावर उघड टीका केली. मांगाकार म्हणून तेझुका यांचे मोठेपण त्यांनी मान्य केले, पण ॲनिमेशनच्या बाबतीत त्यांनी घालून दिलेल्या कमी खर्चाच्या पायंड्याला दोष दिला. दुसरी बाजूही आहे. हा पायंडा नसता तर साप्ताहिक ॲनिमे मालिकाच उभी राहिली नसती. ॲनिमेटरांना पुढची अनेक दशके कमी मोबदला मिळत राहिला, त्याचा सगळा भार १९६३ च्या एका करारावर टाकता येत नाही, असेही मांडले जाते.

खुद्द मुशी प्रॉडक्शनही वाचले नाही. १९६५ मध्ये 'जंगल ताइतेइ' ही जपानमधील पहिली रंगीत साप्ताहिक ॲनिमे मालिका याच स्टुडिओने काढली. पण खर्च वाढत गेला आणि घडी विस्कटली. १९७१ मध्ये तेझुका स्टुडिओच्या प्रमुखपदावरून दूर झाले आणि १९७३ मध्ये स्टुडिओ दिवाळखोरीत निघाला. मात्र तिथे घडलेली माणसे टिकली. रिंतारो, ओसामु देझाकी, 'गंडाम'चे योशियुकी तोमिनो हे सगळे तिथलेच. देझाकी यांनी तर गोठलेले चित्र रंगीत खडूंनी काढल्यासारखे सजवून भावनेचा कळस दाखवायची शैलीच केली. काटकसर म्हणून आलेली युक्ती त्यांच्या हातात सौंदर्याचे साधन झाली.

शेवटच्या चित्रपटात तेझुका यांनी काय दाखवले?

दिवाळखोरीच्या वर्षीच तेझुका यांची 'ब्लॅक जॅक' ही परवाना नसलेल्या शल्यचिकित्सकाची मांगा सुरू झाली आणि ते पुन्हा उभे राहिले. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी गौतम बुद्धांच्या जीवनावर 'बुद्ध' ही मांगा लिहिली. तिचा इंग्रजी अनुवाद भारतीय वाचकांपर्यंतही पोहोचला आहे.

टीव्हीची घाई नसलेले प्रयोगपट ते स्वतःसाठी करत राहिले. १९८४ चा 'जंपिंग' हा सहा मिनिटांचा लघुपट उड्या मारत जाणाऱ्या पात्राच्या नजरेतून, एकाच सलग दृश्यात दिसतो. त्यात कुठेही चित्र गोठत नाही की बँकेतले चित्र येत नाही. या लघुपटाला झाग्रेबच्या ॲनिमेशन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

१९८७ मध्ये आलेला 'मोरी नो देन्सेत्सु' (अरण्याची आख्यायिका) मात्र सर्वांत बोलका आहे. जंगल तोडणारे आणि जंगल राखणारे यांची ही कथा चायकोव्हस्की यांच्या संगीतावर चालते आणि ॲनिमेशनच्या इतिहासातल्या शैली एकामागून एक दाखवते. शेवटच्या भागात जंगलातील जीव डिस्नेच्या धर्तीच्या भरगच्च हालचालीत दिसतात. तोडायला आलेली माणसे दिसतात ती टीव्ही मालिकांच्या तुटक हालचालीत. ज्या शैलीने तेझुका यांना यश दिले, ती त्यांनी खलनायकांना दिली. टीकाकारांनी जे म्हटले, त्याहून कठोर निकाल त्यांनी स्वतःच लावला, असे या भागावरून म्हणता येते.

हा चित्रपट त्यांना पूर्ण करता आला नाही. ठरवलेल्या चार भागांपैकी दोनच झाले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मागे मांगाची सुमारे दीड लाख पाने राहिली. त्यांच्या मुलाने 'मोरी नो देन्सेत्सु'चा आणखी एक भाग पुढे पूर्ण केला.

आजच्या वादात याचे महत्त्व काय?

चित्रे कमी हलली म्हणून मालिका वाईट ठरत नाही, हे १९६३ च्या प्रेक्षकांनी दाखवून दिले. हालचाल कमी असेल तर कथा, मांडणी आणि आवाज यांनी ती जागा भरावी लागते. ती भरली नाही की प्रेक्षकाला चित्र गोठल्याचे लगेच जाणवते. पण त्याच मालिकेने दुसरा धडाही दिला. पडद्यावर वाचलेल्या प्रत्येक चित्रामागे वेळेचा आणि पैशांचा हिशेब असतो, आणि तो तुटला की सर्वांत आधी चित्र काढणाऱ्याच्या खिशाला कात्री लागते. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या ॲनिमेची शैली खटकली, तर ती दिग्दर्शकाने निवडली की वेळापत्रकाने लादली, हा प्रश्न आधी विचारायला हवा.